तिसरीपासून लावा

३ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाला, रोजचं दुखणं वहीत लिहा. लिहिलं. दुखतंय. झालं!
पायाला प्लास्टर, लेकीचं घर, चौथा मजला, लिफ्ट बंद. महिनाभर! तिकडे माझं शिवणाचं दुकान कुलूप लावून पडलंय. मला ठेवलंय जावयाच्या खोलीत. भिंतभर रेकॉर्डी. जरा वळलं की कुबडी त्यांना लागते.

५ फेब्रुवारी
खिडकीतून समोरची भिंत दिसते. दिवसभर तीच बघितली.

८ फेब्रुवारी
कंटाळून जावयाला विचारलं, "यातलं काय ऐकू? सुरुवात कुठून करू?"
सहा वर्षांत हा माणूस "बऱ्या आहात ना"च्या पुढे गेला नव्हता. आज खुर्ची ओढून बसला! ही सगळी म्हणे गिटारवाली इंग्रजी माणसं. गाणं स्वतःच लिहायचं, स्वतःच गायचं. चाली जुन्या लोकगीतांसारख्या, मागे ड्रम.
"आई, कुणाचीही पहिली रेकॉर्ड लावू नका. पहिलीत माणूस लोकांना दाखवायला गातो. तिसरीपासून लावा."
मी म्हटलं, "माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरी आधी गुंड्यांची काजं करतात. झगा मागून. तुमचं उलटंच!"
"पण काजं बघायला कोण येतं, आई?"
नंबर घालून यादी करून दिली.

९ फेब्रुवारी
यादी बाजूला ठेवली. मला कुणी शिकवायचं नाही. हाताला आली ती लावली. कोण बाई होती, भरभर गात होती. रडगाणं नाही, काही नाही. आवडली. चारदा ऐकली.

१२ फेब्रुवारी
जावई दुपारीच घरी आला. दारात उभा राहून ऐकलं आणि पोट धरून हसला.
"आई, बाप्या आहे तो! वेगाचा खटका चुकलाय तुमचा."
खटका फिरवला. माझी बाई गेली, दमलेला माणूस आला. इतका सावकाश, की दोन ओळींच्या मधे सुई ओवून घ्यावी!
"काय म्हणतोय?"
"म्हणतोय, घरात भांडण नाही, कुणी वाईट नाही. तरी श्वास पुरत नाही."
"मग खिडकी उघड म्हणावं!"
पुन्हा हसला, पण नुसता तोंडाने.
लेक दारात आली, हातात इस्त्रीचे कपडे. जावई लगेच उठून गेला.
"माझ्याशी महिन्याभरात एवढं बोलत नाही गं," लेक म्हणाली.
"तू काहीतरी विचार की त्याला."
"मी विचारलं की त्याला काम आठवतं."
 

१७ फेब्रुवारी
यादीतली पहिली लावली. म्हणजे त्याच दमलेल्या माणसाची तिसरी. चांगली आहे. जावयाला सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी
लेकीला बजावलं — प्लास्टर निघालं की मी निघाले. भांडी घासता घासता म्हणाली, "पंधरा दिवस राहा ना अजून."
"दुकान कोण उघडणार? तुझा बाप? तो वर जाऊन बसलाय."
हसली नाही. एरवी बापाच्या नावावर हसते.
पण नाही म्हणजे नाही. आणखी पंधरा दिवस ती भिंत बघितली तर वेड लागेल मला.

३ मार्च
निघालं! कठडा धरून चार मजले उतरले, चढले. घामाने भिजले. पण चढले! उद्या माझी खोली, माझं मशीन.

४ मार्च
जावयाने माझी पिशवी घेतली. दुसऱ्या हातात त्याची बॅग. मला वाटलं, गावाला निघालाय कामासाठी. लेक दारातच उभी राहिली. एक मजला उतरल्यावर तो म्हणाला, "आई, तुम्हाला दुकानाशी सोडतो आणि मी पुढे जातो. परत यायचा नाही. तुमच्या पायासाठी थांबलो होतो."
त्याच्या हातातून पिशवी ओढून घेतली आणि वर चढले.