फुंकायला काय जातं

आइंडहोव्हन, नेदरलँड्स,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, सकाळी साडेदहा

प्रिय दादा,

सायकलची साखळी पुसत होतो, तेवढ्यात मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. तो वाचला, हात धुतले आणि लिहायला बसलो. मेसेजचं शेवटी सांगतो. आधी बाकीचं, कारण फोनवर तू बोलतोस आणि मी हो हो करतो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

गेल्या आठवड्यात तू ज्ञानदाला फोन केलास. मला नाही, माझ्या बायकोला, तेही तिच्या ऑफिसच्या वेळेत. विचारलंस, तो पितो का गं? ती नाही म्हणाली. त्यावर तू म्हणालास, नीट बघ, पिणारे बायकोला पत्ता लागू देत नाहीत. त्या संध्याकाळी मी ताक घेऊन बसलो होतो. मीठ आणायला उठलो आणि परत आलो, तर ज्ञानदाने माझा पेला नाकाशी धरलेला. मला बघून तिने तो खाली ठेवला. मी मीठ घातलं आणि प्यायलो. दादा, ती इंजिनिअर, माझा डिप्लोमा अर्धवट, आणि मी तिच्या व्हिसावर इथे आलेला. त्यावरून चार वर्षं लोक काय काय बोलले, पण तिने माझ्याकडे कधी तसं पाहिलं नव्हतं. तुझ्या एका फोनने ते झालं.

तुला बातमी कुठून लागली ते मला ठाऊक आहे. इथल्या आमच्या मराठी मंडळातला प्रतीक, त्याची आत्या तुमच्या रेल्वे कॉलनीत राहते. अंबरीशला दारूच्या टेस्टवरून कामावरून काढलं, एवढं एकच वाक्य टिलबर्गहून दौंडला पोचलं. टेस्ट होती हे खरं. काम गेलं हेही खरं. मधलं तुम्ही कुणी विचारलं नाही.

तर मधलं असं. टिलबर्गच्या गोदामात मी ऑर्डरचा माल काढायचं काम करत होतो. मांजरांच्या खाण्याचे डबे, कुत्र्यांच्या गाद्या, असला माल. आम्ही एजन्सीकडून आलेले सगळे नारिंगी जॅकेटमध्ये, कंपनीचे कायमचे लोक निळ्या. माझ्या रांगेत नाशिकच्या एक ताई होत्या. त्यांचं नाव लिहीत नाही. त्याही नवऱ्याच्या नोकरीमागून आलेल्या. मी खोकी दोनदा मोजतो म्हणून मला चिडवायच्या, अहो भाऊ, मांजरं काही मोजून खात नाहीत. एका शनिवारी निळ्या जॅकेटवाल्या एकाने फोर्कलिफ्ट रॅकवर घातली. डब्यांची अख्खी उतरंड खाली आली. नशिबाने खाली कुणी नव्हतं.

सोमवारी सकाळी दारात टेबल. टेबलावर फुंकायच्या नळ्या, थुंकी घ्यायच्या काड्या आणि एक छापील कागद. आमचा सुपरवायझर योस्त टेबलामागे उभा. नारिंगींनी रांग लावायची, निळे शेजारून कॉफीचे पेले घेऊन आत. ज्याने रॅक पाडला तोही आत गेला. जाताना योस्तला म्हणाला, आज बार लवकर उघडलास की. दोघेही हसले.

मी घाबरलो होतो, तुला माहीतच आहे माझं. आयुष्यात थेंब घेतलेला नाही, तरी वाटायला लागलं की मशीन काहीतरी दाखवेल. आदल्या दिवशी खोकल्याचं औषध घेतलं होतं, तेच डोक्यात घोळत होतं. पण फुंकणार होतो. हे लक्षात ठेव, मी फुंकणार होतो.

माझ्यापुढे त्या ताई. कागदावर लिहायचं होतं की गेल्या दोन आठवड्यांत कुठली औषधं घेतली. त्या डाव्या हाताचा आडोसा करून लिहीत होत्या. मला दिसू नये म्हणून मी वाकून बुटाची लेस बांधत बसलो. योस्तने कागद उचलला, गोळीचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं आणि विचारलं, ही कशासाठी? मागे अकरा माणसं उभी. ताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी हे नाव ऐकलं का, आणि ऐकलं असेल तर कुणाकुणाला सांगेन, एवढंच त्या बघत होत्या. रोज मला चिडवणारी बाई, दादा, माझ्याकडे तशी बघत होती.

माझी पाळी आली तेव्हा मी नाही म्हणालो. योस्त म्हणाला, काही घेतलं नसेल तर फुंकायला काय जातं. मी पुन्हा नाही म्हणालो. त्याने जॅकेट काढून ठेवायला सांगितलं. तेव्हापासून एजन्सीकडून एकच निरोप येतो, तुमच्यासाठी सध्या काम नाही. नंतर युनियनच्या बाईने सांगितलं की इथल्या कायद्यात विमान, जहाज, रेल्वे अशी मोजकी कामं सोडली तर मालकाला अशी तपासणी करताच येत नाही, आणि औषधं विचारणं तर मुळीच नाही. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. टेबल गेलं. माझं काम परत आलं नाही. पण मला हा कायदा आधी माहीत होता असं समजू नकोस. मी रागाने नाही म्हणालो होतो.

योस्तचं वाक्य तूही ज्ञानदाला ऐकवलंस, अगदी तेच. वर म्हणालास, मी ड्यूटीवर चढताना फुंकतो, उतरताना फुंकतो, माझी अब्रू जाते का? नाही जात. कारण तुम्ही इंजिन ड्रायव्हर हजेरी लावता त्या लॉबीत जो गाडी चालवणार तो फुंकतो, मग तो नवा असो की निवृत्तीला आलेला. तुझ्यामागे गाडीभर माणसं असतात. मी हाताने ओढायच्या ट्रॉलीवर मांजरांचं खाणं नेत होतो. त्यात फोर्कलिफ्ट ठोकणारा सुटला आणि ट्रॉलीवाल्यांची रांग लावली.

पुढचं वेगळ्या कागदावर लिहितोय. तो वहिनीला दाखवू नकोस.

पाटसजवळ तुझ्या इंजिनापुढे तो माणूस आला, त्यानंतर तू झोपेनास. मी तेव्हा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो. रेल्वेच्या दवाखान्यात गेला असतास तर नोंद झाली असती आणि तुला इंजिनावरून उतरवून ऑफिसात बसवलं असतं. म्हणून तू खासगी डॉक्टर गाठलास, आणि दौंडात सगळे ओळखतात म्हणून गोळ्या मी बारामतीहून आणायचो. वर्षभर. तू त्या गोळ्या घेऊन गाडी चालवलीस हे बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या वर्षी तू कामावर असलास की मी फोन उशाशी घेऊन पडायचो. पण मी वहिनीला फोन करून विचारलं नाही, की दादा घरात कसा वागतो, नीट बघ. तुझ्या कोनाड्यातला गोळ्यांचा डबा हुंगला नाही. विचारायचं होतं ते तुला विचारलं, गच्चीवर, दोघंच असताना. तू म्हणालास, अंबू, मी सांभाळतो. मी मान्य केलं. तेव्हा तुझ्यापुढे कुणी तो छापील कागद सरकवला असता आणि चारचौघांत गोळीचं नाव वाचलं असतं, तर तू काय केलं असतंस? त्या ताईंच्या डोळ्यांत मला तू दिसलास. म्हणून नाही म्हणालो. हे ज्ञानदालाही सांगितलेलं नाही. सांगायचं तर तुझी गोष्ट सांगावी लागेल.

आता बँकेचा मेसेज. माझ्या दौंडच्या खात्यात तू पंच्याऐंशी हजार भरलेस, शेरा ‘तिकीट’. आणि सकाळी वहिनीचा निरोप, रडवेल्या आवाजात. भाऊजी, मनाला लावून घेऊ नका, एक डिसेंबरपासून पुण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात जागा सांगून ठेवली आहे, येताना गरम कपडे आणा. म्हणजे रोग ठरला, दवाखाना ठरला, तारीखही ठरली, आणि मला अजून कुणी विचारलेलंच नाही. हे पत्र एवढ्यासाठीच की मी येणार नाही. केंद्राला फोन करून ती जागा सोड, कुणा गरजवंताला मिळेल. आणि मग मला फोन कर. ज्ञानदाला नाही, मला. विचार, अंबू, पितोस का? मी नाही म्हणेन. त्यावर विश्वास ठेवणार असशील तरच विचार. मला घरातल्या माणसासमोर फुंकायचं नाही.

तुझाच,
अंबू

तू भरलेले ८५,०००: आत्ताच परत पाठवले.
माझ्या डिप्लोमाची तू भरलेली फी ४२,०००: माझ्याकडे बाकी. काम मिळालं की दर महिन्याला पाठवीन. ते मात्र परत करू नकोस.