अकोल्याचं पार्सल

३ मार्च १९७४, रविवार
अकोल्याहून इंदुताईचं पोस्टकार्ड. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो: दादाजी, म्हणजे आमचे वडील, दिवाळीपासून तिच्याकडे आहेत. त्यांचा उजवा कान गेला. डॉक्टर म्हणतात, डावाही फार दिवस टिकायचा नाही. तोवर त्यांना त्यांचा रेडिओ हवा आहे.

रेडिओ म्हणजे लष्करी माल. दुसरं महायुद्ध संपल्यावर कामठीच्या छावणीतल्या लिलावात त्यांनी घेतला आणि स्वतः सागवानी खोकं करून त्यात मोठा स्पीकर बसवला. वजन एकेचाळीस किलो. प्रेमिला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, तुम्हीच काहून नाही जात जी घेऊन? पाच तासांचा तं रस्ता आहे.

बायकांना पार्सल म्हणजे काय ते कळत नाही. डिस्पॅच सेक्शनला अठरा वर्षं काढलीत मी. आठ दिवसांत रेडिओ अकोल्यात.

१० मार्च
आज रेडिओ उघडला. आधी प्लग काढला, मगच मागे हात घातला. तरी झटका बसला, खांद्यापर्यंत. सीताबर्डीचा मेकॅनिक म्हणाला, बंद केला तरी जुनं काहीतरी आत शिल्लक राहते साहेब. आता हातमोजे आणावे लागतील. एक आठवडा वाढवला.

१७ मार्च
संत्रा मार्केटातल्या बळीरामकडून पेटी आणि भाताचं तणस आणलं. जन्मभर संत्री भरणारा माणूस. त्याला पाडव्याची तारीख दिली तर म्हणाला, आजच भरून टाका ना भाऊ. पेटीले काई नाई होत, ठेवून ठेवलं तं आतलं सडते.

रेडिओ सडत नाही. माणसाला आपल्या धंद्यापलीकडचं दिसत नाही हेच खरं.

सायंकाळी चाचणी. पेटीत प्रेमिलाची लोणच्याची बरणी तणसात घालून ओट्यावरून खाली टाकली. पेटीला ओरखडाही नाही. बरणीबद्दल प्रेमिलाशी बोलणं झालं. तिने बोलणं बंद केलं आहे.

३१ मार्च
इंदुताईचं पत्र. दूधवाला दारात ओरडून परत जातो, दादाजी शेजारच्या खुर्चीत असूनही त्यांना कळत नाही. डावा कान अजून आहे, पण तोंड जवळ नेऊन बोलावं लागतं. खाली दादाजींच्या अक्षरात एक ओळ: घाई नाही. नीट पाठव.

पाहा. घाई नाही असं ते स्वतः म्हणतात. पत्र जपून ठेवलं.

१४ एप्रिल
नवी पेटी, जाड फळ्यांची. रेडिओ आत ठेवून हलवला तर खडखड. पुन्हा सगळं बाहेर काढलं, मग खडखड नाही. आत ठेवला की पुन्हा खडखड. कान लावून बसलो तासभर. प्रेमिला पहिल्यांदा बोलली. म्हणाली, तिकडे त्यांचे कान चालले आणि तुम्ही इथं कान लावून बसले.

टोमणा आहे. पुन्हा कान लावला.

२१ एप्रिल
खडखड सापडली. माझ्या शर्टाच्या खिशातला स्क्रू होता.

२८ एप्रिल
पेटी तयार. चारही बाजूंना गादीचा कापूस, वर तणस, त्यावर गोणपाट, शहाण्णव खिळे. लाल रंगात 'वरची बाजू' असं सहाही बाजूंना ठळक लिहिलं, कोणाची चुकूनही चूक होऊ नये म्हणून. प्रेमिलाने पेटीभोवती एक फेरी मारली. म्हणाली, हमालानं ठेवावं कसं मग?

पाच बाजू खरवडाव्या लागणार. पुढचा रविवार.

८ मे, बुधवार
रेल्वेचा संप सुरू झाला. गाड्या बंद. आता सगळा देशच अडकला म्हटल्यावर माझ्या एकट्याच्या पार्सलचं काय घेऊन बसायचं? सकाळी बातमी ऐकून हलकं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं.

प्रेमिला म्हणाली, एसटी चालू आहे. एकेचाळीस किलोचा रेडिओ एसटीच्या टपावर? कदापि नाही. सेहेचाळीस डिग्री ऊन आहे. खिळे तापून हात लावू देत नाहीत.

१५ मे
पत्र नाही. टपालही रेल्वेनेच जातं, त्यामुळे पत्र नसणं साहजिक आहे. तरी दोनदा पेटी पाहून आलो.

२८ मे, मंगळवार
संप मिटला. सकाळीच प्रेमिलाने चहाबरोबर सांगितलं, जणू मला पेपर वाचता येत नाही.

३ जून, सोमवार
पार्सल बुक केलं. हमाल दोन लागले. बाबूने विचारलं, संत्री का? आता हंगाम नाही. मी ताठ मानेने म्हटलं, रेडिओ.

एक महत्त्वाची गोष्ट. रेडिओ ज्यांच्यावर बोलतो ते नऊ व्हॉल्व्ह काढून ठेवलेत. काचेची वस्तू अशी वजनाबरोबर कोणी पाठवत नाही. कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात भरले. ते मी स्वतः मांडीवर घेऊन जाईन, एक-दोन दिवसांत. प्रेमिलाने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

९ जून
इंदुताईचं पत्र. पेटी पोचली. खिळे काढायला सुताराला अर्धा दिवस लागला. रेडिओला कुठेही ओरखडा नाही. (हे वाक्य प्रेमिलाला दोनदा वाचून दाखवलं.) दादाजींनी तो धोतराच्या टोकाने पुसला. सकाळी बातम्यांच्या वेळेला समोर जाऊन बसतात, डावा कान स्पीकरच्या कापडाला लावून. ती त्यांना ओरडून सांगते, व्हॉल्व्ह मनोहरकडे आहेत, तो घेऊन येणार आहे. काल म्हणाले, मंग येईन तो.

जायचंच आहे. या आठवड्यात ऑडिट.

१६ जून
ऑडिट झालं. पोट ठीक नाही.

२३ जून
कपाटात डबा आहे. तिकडे लक्ष जातं.

खरं तर भांडण नव्हतंच. दिवाळीत घरी पाहुणे होते आणि दादाजींनी रेडिओ असा मोठा लावला की कोणाचं कोणाला ऐकू येईना. तीन महिने रोज असंच चाललं होतं. मी सगळ्यांसमोर ओरडलो, बहिरे झाले का तुम्ही? त्यांनी बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले. रेडिओ मागे ठेवून.

रागात माणूस बोलून जातो. माझ्या बोलण्याने कोणाचे कान जात नाहीत. डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं.

२६ जून, बुधवार
तार. 'मनोहर, व्हॉल्व्ह घेऊन ताबडतोब ये.' रजेचा अर्ज दिला, रजा लगेच मंजूर झाली. मागितलीच नव्हती आजवर, असं साहेब म्हणाले.

३० जून, रविवार. अकोला
काल पोचलो. डबा पाच तास मांडीवर. गाडीत मनाशी चार वाक्यं तयार केली होती, कोणत्या क्रमाने बोलायची तेही.

दादाजी वाळले आहेत. मी पायाला हात लावून म्हटलं, दादाजी. त्यांनी इंदुताईकडे पाहिलं. ती म्हणाली, मंगळवारी डावाही गेला.

नऊही व्हॉल्व्ह बसवले. हळूहळू लालसर झाले, मिनिटभर घरघर झाली आणि बातम्या सुरू झाल्या, इतक्या मोठ्या की शेजारीण दारात आली. मी आवाज कमी केला नाही. दादाजी सागवानी खोक्यावर तळहात ठेवून बसले होते. लागला काय गा, त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते म्हणाले, हो, हलून राहिला.

मग इंदुताईच्या पोराची पाटी माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, बोलू नको. लिहून दे.

मी लिहिलं: नऊपैकी एकही व्हॉल्व्ह फुटला नाही.

त्यांनी चष्मा लावून वाचलं, मान हलवली, तळहाताने पाटी पुसली आणि परत माझ्याकडे दिली. अजून? म्हणाले.

सवयीप्रमाणे मी आधी वर तारीख घातली. खाली काही लिहिलं नाही. रेडिओ चालूच होता.