वहीतल्या लाल खुणा

कसबा बावडा,
२८ जून २००९

प्रिय संघा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. घरात फोन असताना तू पत्र लिहिलंस, तेव्हाच ओळखलं की तुला मध्ये कुणी बोलायला नको आहे. म्हणून मीही लिहूनच सांगते. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले तरी आम्रपालीला आणि मिलिंदला तू घरीच ठेवलं आहेस. नेसरीची शाळेची वाट उसाच्या बांधावरून जाते आणि त्याच बांधावर मे महिन्यात जावयांना, कृष्णातरावांना साप चावला आणि ते गेले. तू लिहितेस, पोरं त्या वाटेला लागली की माझा श्वास कोंडतो. आई, तू आम्हाला घरात शिकवलंस तसंच मी यांना शिकवीन, ट्रंकेतल्या वह्या-पुस्तकं प्रसेनजीतबरोबर पाठवून दे. ट्रंक मी काढली. तीन दिवस झाले, माझ्यासमोर उघडी आहे.

श्वास कोंडणं मला नवीन नाही. तुझ्या वडिलांना जाऊन या डिसेंबरात सतरा वर्षं होतील. सायकलच्या नळीवर सोनम, मागं कॅरेजवर प्रसेनजीत आणि दप्तर सावरत शेजारून चालणारी तू, असे रोज शाळेला निघायचा तुम्ही चौघं. त्या दिवशी उसाच्या ट्रॉलीनं वडिलांना नेलं आणि तुम्ही तिघं रस्त्याकडेच्या गवतात पडला म्हणून वाचला. सोनमला काही आठवत नाही. प्रसेनजीतला थोडं आठवतं. तू अकरा वर्षांची होतीस, तुला सगळं आठवत असणार. पण तू कधी सांगितलं नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी तू वेणी घालून, दप्तर घेऊन दारात उभी राहिलीस. मी दाराला कडी घातली. तेव्हा तू म्हणालीस, आई, रस्ता काय उठून घरात येतोय व्हय? मी म्हटलं, रस्ता न्हाय येत, पण तू बी जाणार न्हाईस. लोकांना मी शाळा लांब पडते, फी झेपत नाही असलं काहीबाही सांगितलं. खरं कारण एकच होतं. मला भीती वाटत होती.

मग आपली शाळा सुरू झाली. मी चौथी शिकलेली. पुढचं सारं किराणाच्या पुड्या उलगडून, वाचनालयातून आणून वाचलेलं. सकाळी भाकरी झाल्या की मागच्या सोप्यात तिघं बसायचा, तीन इयत्ता आणि एकच कंदील पुसलेली काच लावून टांगलेला, कारण तिथं उजेड कमी. शेजारच्या तानाबाई कुंपणावरून ओरडायच्या, काय गं, घरातच हायस्कूल काढलंस व्हय, शिपाई लागत असला तर आमचा म्हातारा रिकामाच हाय की. सोनम लगेच सांगायची, शिपाई नको, घंटा वाजवायला या. किती दिवसांनी मी तेव्हा हसले होते.

आपला नियम तुला आठवत असेलच. वरच्यानं खालच्याला सांगायचं, आणि सांगता आलं की तो धडा पास. प्रसेनजीतला तू सांगायचीस, तो सोनमला सांगायचा. सोनमला कुणी नव्हतं, म्हणून ती अंगणातल्या शेळीला पाढे म्हणून दाखवायची. या नियमाचा मला फार अभिमान होता. तुझ्या वर मात्र कुणीच नव्हतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू मला सांगायचीस. सातवीपर्यंत मी तुझ्याबरोबर धापा टाकत आले. आठवीनंतर तू पुढं गेलीस आणि मी मागून नुसती मान हलवत राहिले. रात्रीपेक्षा दुपारी डोकं चालतं म्हणून तू जेवणं झाली की गणितं सोडवायचीस आणि वही माझ्यापुढं ठेवायचीस. मी लाल पेन्सिलीनं खुणा करायचे.

शहाण्णव साली तू सतरा नंबरचा फॉर्म भरलास. बाहेरून दहावीला बसणारी आपल्या गल्लीतली तू पहिलीच. जूनमध्ये निकाल लागला. मराठीत बहात्तर आणि गणितात एकोणीस. तू रडली नाहीस. कागदाची घडी करून ट्रंकेत ठेवलीस आणि म्हणालीस, गणिताचं डोकंच न्हाय मला. ऑक्टोबरला पुन्हा बस म्हणून मी किती सांगितलं, पण तू पुन्हा पुस्तक उघडलं नाहीस. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र धाकट्या दोघांना हाताला धरून उभी राहिलीस. आजपास्नं ही दोघं शाळेला जाणार, मी सोडून येतो, तू नुसती दार उघड, असं म्हणालीस. गुरुजींनी दोघांची तोंडी परीक्षा घेतली आणि वयाच्या वर्गात बसवलं, कारण त्यांना शिकवणारी तू होतीस. लग्न होईपर्यंत दोन वर्षं तू त्याच रस्त्यानं त्यांना नेलंस-आणलंस. त्यांना सोडायला मी एकदाही उंबऱ्याबाहेर आले नाही. आज प्रसेनजीत शिरोलीत नोकरीला आहे, सोनमचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. शिकवलेली दोघं पुढं गेली आणि शिकवणारी मागं राहिली. लोक मला म्हणतात, बाईनं एकटीनं पोरं शिकवली. मी ते ऐकून घेते, हे माझं दुसरं पाप.

पहिलं आता सांगते. सोनम हॉस्टेलला गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून मी तिची शाळेची पुस्तकं वाचायला घेतली. बीजगणिताशी वर्षभर झगडले. एके दिवशी समजलं, की बरोबरच्या चिन्हापलीकडं संख्या नेली की अधिकची उणे होते. इतकीशी गोष्ट. मग मी तुझ्या वह्या काढल्या. संघा, तू पहिल्या पानापासून ती तशीच पलीकडं नेली आहेस, अधिकची अधिकच. आपण रद्दीतून आणलेल्या पुस्तकाची उत्तरांची पानं फाटलेली होती, आणि तुझ्या वर सांगणारं कुणी नव्हतं. चार वह्यांत एकच चूक आहे आणि प्रत्येक गणितावर माझी बरोबरची खूण आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरीनं एवढं लिहिलंय तर बरोबरच असणार, आणि मला येत नाही हे तुला कळलं तर तू शाळेचं नाव काढशील, म्हणून मी खुणा करत गेले. दुसऱ्या वहीत एका गणिताच्या कडेला तू शिसपेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढलं आहेस. तुला शंका आली होती. त्या प्रश्नचिन्हावरच मी लाल खूण ओढली आहे.

हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. सांगायचं धाडस झालं नाही. परवा तुझं पत्र वाचलं, त्यात शेवटी तू लिहिलंस, आम्रपालीपण माझ्यासारखीच, तिला गणिताचं डोकं नाही. म्हणून आज लिहिते आहे. तुला डोकं होतं. ते एकोणीस गुण माझे आहेत. वह्या मी पाठवत नाही. आज सकाळी मी घरातून निघाले आणि त्या रस्त्यानं शाळेपर्यंत चालत गेले, सतरा वर्षांत पहिल्यांदा. ती जागा आली तेव्हा बसले थोडा वेळ, मग उठले. गुरुवारच्या एसटीनं मी नेसरीला येते. शुक्रवारी सकाळी पोरांची वेणी-भांग करून ठेव. तुला दारातून बाहेर यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, मला ते माहीत आहे. बांधावरून त्यांना मी नेते. तू फक्त दार उघड.

तुझीच, तुझ्या मागून शिकलेली,
आई