कावळा गोडाला शिवत नाही

मी रखमाजी वल्द धोंडजी गुळवे, राहणार मौजे केदारखेडा, तालुका भोकरदन, धंदा गूळ करणे व शेती. अंगात ताप आहे, डोक्यात नाही. कुणाच्या धाकाने वा नशापाण्यात नव्हे, तर राजीखुशीने हे मृत्युपत्र पुंजारामकडून लिहवून घेतो. मी गेल्यावर यातला काना-मात्रा कुणी बदलू नये.

एक. नदीकाठचे उसाचे रान, विहीर व बैलजोडी माझा एकुलता मुलगा धर्मराज याला. रस आटवायची काहीलही त्यालाच. तळ घासल्याशिवाय रस ओतलास तर याद राख.

दोन. भाऊ कचरू याला फुटकी कवडीही नाही. माझी बायको चतुराबाई वारली, तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. पानावर पुरणपोळी, वर माझ्या हातचा ताजा गूळ. नवी नवरी होती तेव्हा काहिलीची खरवड चाटायची ती. कचरू चारचौघांत हसला, "गुळव्याच्या बायकोला गुळाचाच वीट आला!" शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. बोलणे खरे निघाले, पण ती वेळ होती का बोलायची?

तीन. तेव्हापासून गुऱ्हाळ पेटले की ती चुलवणाजवळ येऊन बसते, माझ्याकडे पाठ करून. पळीत काकवी धरली, हाका मारल्या, वळत न्हाई. पुंजाराम म्हणाला, हे नको लिहायला. मी म्हटलं, लिही मुकाट्यानं. दर अविधवा नवमीला तिच्या नावाने पुरणाचे पान ठेवले. कावळे कौलांवर बसून नुसते बघत.

मंग शेजारची अकबरबी बोलली, "भाभी को अंबाडे की भाजी होना था, दादा. मिठ्ठे से जी उकता गया था उनका. मेरे यहाँ आको खाती थी, चुपके से." औंदा नवमीला अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी ठेवली. मी हात मागे घ्यायच्या आत कावळा शिवला. मला आनंद झाला नाही. माझी बाई भरल्या घरात उपाशी राहिली अन् मी गूळच वाढून राह्यलो.

म्हणून विहिरीवरचा अंबाडीचा वाफा अकबरबीला कायमचा दिला. धर्मराजने हरकत घेऊ नये.

चार. माझ्या पानाबद्दल. मलाही आता गोड नकोसे झाले आहे. दहाव्याला काय हवे असेल, ते आज सांगता येत नाही. धर्मराज, ते कावळ्यावर ढकलू नको. जिवंत आहे तोवर येता-जाता मला विचारत जा. मला पाठ करून चुलवणाजवळ बसायचं न्हाई. बिलकुल न्हाई. भ्या वाटतं मला.

निशाणी डावा अंगठा: रखमाजी धोंडजी गुळवे
साक्षीदार: शेख लतीफ (अकबरबीचा नवरा), रामराव (शेतशेजारी)
हस्ताक्षर: पुंजाराम
स्थळ: गुऱ्हाळ, मौजे केदारखेडा. कार्तिक वद्य पंचमी, शके १८६२.

ता. क. अंगठा उठवल्यावर धर्मराजने विचारले, "आबा, मंग आज काय करू?" मी म्हणालो, "अंबाडी." जन्मात कधी तोंडात घातली नव्हती मी. हेही लिही, पुंजाराम. चतुराबाईने आत्ता वळून माझ्याकडे पाहिले.