जेवणाच्या टेबलाची होडी

लोणावळा, ३ सप्टेंबर १९४३

विठाबाई जाणार म्हणे! देहूरोडच्या डेपोत मुलाला क्वार्टर मिळाली. "सोपान दिवाळीच्या आत न्यायला येतोय, बाई." भाजी चिरता चिरता सांगितलं — मीठ संपलं म्हणून सांगावं तसं! तीस वर्षं माझ्याकडे स्वयंपाक करते आहे. मी म्हटलं, "जा की. मी अडवलंय?"

आमटी खारट होती. तशीच संपवली.

५ सप्टेंबर

होडी बांधायची. शिडाची. जुन्या इंग्रजी मासिकात नकाशे सापडले. वर लिहिलंय, बारा वर्षांच्या कोणत्याही हुशार मुलाला जमेल. मुलाला! मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, मला जमू नये? तुंगार्लीच्या तळ्यावर एकटी फिरेन. एकटीची सवय करायलाच हवी.

"बाई, पवायला येतं का तुमाला?"

"नाही."

"मग होडी कशाला? तशीच मारा की उडी!"

१२ सप्टेंबर

लढाईमुळे लाकूड मिळेना. मळवलीचा दत्तोबा सुतार जेवणाच्या टेबलाभोवती फिरला, बोटांनी ठोकून पाहिलं. "लय जुना साग. होडी तर हितंच हाय की!"

टेबल गेलं. आता मीही स्वयंपाकघरात, पाटावर, विठाबाईसमोर. गुडघे वाजतात. कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियर सांगायच्या, जेवताना बोलू नये. ते या बाईला कोण सांगणार!

तिला कारलं मुळीच आवडत नाही, हे आज कळलं. दर आठवड्याला करते.

२४ सप्टेंबर

दत्तोबाने जन्मभर बैलगाड्याच केल्या. आज पाहते तर होडीच्या नाकाला भली मोठी लोखंडी कडी.

"ही कशाला?"

"बैल जुंपाया."

"पाण्यात?"

"वारा पडला तर काय करशीला?"

कडी काढायला लावली. तोंड फुगवून बसला आहे.

८ ऑक्टोबर

माझ्या दोन चादरींचं शीड झालं. विठाबाईने शिवलं. शेवटचा टाका घालताना म्हणते, "मी गेल्यावर फाटलं तर कोन शिवंल?"

"गावातले शिंपी मेले नाहीत," मी म्हटलं.

दिवसभर बोलली नाही. जेवतानाही नाही. मदर सुपीरियरना हवी होती तशी शांतता — अर्ध्या पानावरून उठले.

१७ ऑक्टोबर

होडी तयार. गाडीवर चढवली, आणि दत्तोबा अडून बसला! जोडप्याने नारळ वाढवल्याशिवाय पाण्यात घालणार नाही म्हणे. मी भडकले. नवरा तरुणपणी केला नाही, तो आता सुताराच्या समाधानासाठी करू? शेजारचे विधुर ओव्हरसियर कुंपणापलीकडून म्हणाले, "माझी काही हरकत नाही." निर्लज्ज! त्यांच्याकडे पाठ फिरवली.

एवढ्यात विठाबाई हात पुसत आली. दोन पाट मांडले, एकावर स्वतः बसली. "बसा, बाई."

दत्तोबा म्हणाला, "ह्यांचं लगीन न्हाई, तुला कुकू न्हाई. देवाला सांगू काय मी?"

"सांग, तीस वर्सं एका चुलीवर भांडत्यात. ह्याच्यापरीस जोडपं कसलं असतंय रं?"

नारळ मीच वाढवला. दोन घाव लागले. वय झालं.

१८ ऑक्टोबर

चालली! शीड भरलं आणि होडी चक्क चालली! "तुमी बुडाला तर सांगाया कोनी नको व्हय?" म्हणत विठाबाईही चढली होती. आणि तळातून पाणी. मी दोरी सोडली तर शीड भरकटतं, म्हणून ती तांब्याने पाणी उपसत होती. ती मला शिव्या देत होती, मी तिला. काठावर ही गर्दी!

घरी आल्यावर विचारते, "देहूरोडला तळं असंल का वो, बाई?"

'जाऊ नकोस' म्हणायचं होतं. "ओल्या लुगड्यात उभी राहू नकोस," एवढंच म्हणाले.

२३ ऑक्टोबर

सोपान आला. ट्रंक ओट्यावर आणून ठेवली होती. विठाबाई ट्रंकेवर बसली ती उठेचना.

"म्या न्हाई येत. होडी गळती. ह्या दोरी धरनार, मग पानी कोन उपसंल? बुडत्याल की!"

"आये, मग गळती बुजवा ना!"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी कौलांकडे पाहत राहिले.

२५ ऑक्टोबर

दत्तोबा डांबर घेऊन गळती बुजवायला आला होता. विठाबाईच्या हातचा चहा पाजून परत पाठवला.