बाबांचा रेडिओ बोलका करून आणला

वादी हल्फा

थोरल्या बतूलताईला धाकट्या दहिबाचा सलाम. तुझे गुडघे, भाऊजींचा दमा आणि ती मारकी शेळी कशी आहे ते कळव. (शेळीचं आधी कळव, बाकीच्या दोघांचं मला ठाऊक आहे.) आम्ही अल्लाच्या मेहेरबानीने खाऊनपिऊन ठीक. गोल गोल लिहिणं मला जमत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या दारात उभी राहून तू म्हणालीस, "बाबांचा रेडिओ तू मुका केलास. तो बोलेपर्यंत या घरचं पाणी पिणार नाही." आणि मान ताठ करून चालती झालीस. तर ऐक, रेडिओ बोलतो.

काच मी काढली, हे कबूल. गल्लीतल्या सगळ्यांनी शोभेला दाराच्या वर भिंतीत चिनी बशा बसवल्या, माझ्याकडे मधली एक कमी पडली, आणि ती स्टेशनांच्या गावांची नावं लिहिलेली सोनेरी काच रेडिओवर नुसती बसून होती. गवंड्याने ती बशांच्या मधोमध बसवली आणि त्याच आठवड्यात रेडिओचा आवाज गेला. बाबा तर मरेपर्यंत सांगत होते, की इजिप्तचा माल आहे, एकदाही बिघडला नाही. मग खुनी मीच ठरले. आता माझ्या सईदाचं लग्न ठरलंय, आणि नवरीच्या हाताला मेंदी थोरल्या मावशीनेच लावायची. मावशी पाणी प्यायला तयार नाही, तर मेंदी कुठली लावते! म्हणून मी उठले आणि रेडिओ घेऊन इजिप्तला, अस्वानच्या बोटीत बसले.

धूळ लागू नये म्हणून त्याला बाबांचाच पांढरा फेटा गुंडाळला होता, सगळा नऊ हात. बाकावर शेजारी ठेवला तर हुबेहूब म्हातारा बसल्यासारखा दिसायला लागला. समोरच्या एका आजोबांनी (डोळ्यांत मोतीबिंदू, पण तोंड शाबूत) त्याला सलाम केला, तब्येत विचारली, खजुराचं पीक विचारलं. उत्तर नाही म्हटल्यावर रागावले. मी म्हटलं, "काका, त्यांचा आवाज गेलाय. इलाजाला नेतेय." त्यावर ते हळहळले, फेट्यावर हात ठेवून त्यांनी दुवा मागितली आणि आपल्या डब्यातलं अर्धं कबूतर त्याच्यापुढे ठेवलं. मी खाल्लं. वाया कशाला घालवायचं?

अस्वान काय सांगू! नदी आपलीच, पाणी तेच, पण लोक असे बोलतात की जणू गप्प बसलं तर दंड होईल. मी हजला गेलेली नाही, तरी रिक्षावाल्यापासून भाकरीवाल्यापर्यंत सगळे "हाजीबाई, हाजीबाई". पहिल्या दिवशी खोडून काढलं, दुसऱ्या दिवशी ओ द्यायला लागले.

रेडिओवाला उस्ताद मुर्सी. अंधारी खोली, चारी भिंतींना वरपर्यंत जुने रेडिओ, सगळे आपल्या बाबांच्या रेडिओच्या वयाचे. म्हातारा म्हणाला, "बसा, हाजीबाई, जागे व्हायला त्यांना वेळ लागतो," आणि एक बटण दाबलं. काहीच झालं नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातल्या रेडिओवरचा दिवा पेटून एक हिरवा डोळा उघडला, आपल्या रेडिओला आहे तसाच. मग दुसरा. मग वीस, चाळीस, भिंतभर हिरवे डोळे हळूहळू उघडत माझ्याकडे बघायला लागले. (तुला खरं वाटणार नाही, पण उस्ताद साक्षीला आहे.) मशिदीत उभं राहिल्यासारखं वाटलं. मी चपला काढल्या.

काचेचं सांगितलं तेव्हा उस्ताद हसून हसून चहा सांडून बसला. म्हणाला, "काच म्हणजे नुसता चष्मा, बाई. चष्मा काढल्याने कोणी मुका होतो का? याची आतली दिव्यासारखी पेटणारी एक नळी गेलीय, वयाने." त्याने स्वतःच्या रेडिओतली नळी काढून आपल्या रेडिओला बसवली. म्हणजे मी निर्दोष. मग त्याने रेडिओची पाठ उघडून आत दिवा धरला. पेटीच्या लाकडावर पेन्सिलीने तारखा होत्या, अकरा! कधीही न बिघडलेला आपला रेडिओ उस्तादाच्या वडिलांनी अकरा वेळा दुरुस्त केला होता. हे लोक प्रत्येक वेळी आत तारीख आणि दुखणं लिहून ठेवतात. बाबा दरवर्षी इजिप्तला, ज्याच्याकडे ते आचारी होते त्या "जुन्या मालकाला भेटायला" जात होते ना, ते हे. सगळ्यात पहिली ओळ उस्तादाने वाचली, मी तीनदा वाचून घेतली, आणि ती जशीच्या तशी लिहिते:

"खलील आचारी, हल्फा. आत वाटीभर दूध. थोरली मुलगी बतूल, वय चार, हिरवा डोळा पाहून आत मांजर आहे समजली. गिऱ्हाईक म्हणतं, घरी कोणाला कळू देऊ नका, पोरगी रडेल."

ताई, पन्नास वर्षं त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्या खोलीत, चाळीस डोळ्यांदेखत, मी ढसाढसा रडले.

मीही कोणाला सांगणार नाही.

तुझी दहिबा

ता. क. काच भिंतीतून निघत नाही. गवंडी म्हणतो, काढली तर चौकट खाली येईल. त्यामुळे स्टेशन लावायचं तर एकाने दाराबाहेर उभं राहून काच बघायची आणि ओरडायचं, "डावीकडे! अजून डावीकडे!" सईदाचे अब्बा बाहेर असतात.

ता. क. दुसरी. मेंदी येत्या बुधवारी. तू मंगळवारीच ये. पाणी भरून ठेवलंय.

ता. क. तिसरी. सईदाला सांगितलं. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला तिने सांगितलं. आता सगळी गल्ली तुझी वाट बघतेय, तेव्हा दूध आणू नकोस, घरात भरपूर आहे.