मुक्तासाठी वाचताना

फ्रीगंज, उज्जैन
१८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप भय्यासाहेब,

साष्टांग नमस्कार. ग्वाल्हेरला थंडी पडली असेल, गुडघ्यांना जपा. श्रीधरदादा नि वहिनींनाही नमस्कार सांगा. इकडे सिंहस्थाच्या नावाखाली सगळे रस्ते खोदून ठेवलेत. देवास गेटहून घरी यायला पाऊण तास लागतो. तुमच्या नातीला खालचे दोन दात आलेत. अपर्णा ठीक आहे.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोनवर हे माझ्याच्यानं झालं नसतं.

अपर्णाला सातवा लागला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बाळाला आता ऐकू येतं, आईबाबा दोघांनी वाचून दाखवा. मी टाळलं. कारण तुम्हाला ठाऊक आहे. पण अपर्णानं मराठी वाचनालयातून माकडाच्या गोष्टींचं एक पुस्तक आणून हातात दिलं. पहिल्या पानाला मला वीस मिनिटं लागली. ब आणि म आले की ओठ मिटायचे ते मिटलेलेच राहायचे. ती डोळे मिटून पडून होती, तिनं घाई केली नाही. दोन महिन्यांत ते पुस्तक मी अकरा वेळा वाचलं. शाळेनंतर एवढं मोठ्यानं मी कधी वाचलं नव्हतं.

मुक्ता झाली त्या दिवशी तिचं रडणं थांबेना. नर्स म्हणाली, "पापाजी, आप कुछ बोलिए." मला दुसरं काही सुचलं नाही, मी माकडाच्या गोष्टीचं पहिलं वाक्य म्हटलं, तेही अडखळत. ती गप्प झाली. योगायोग म्हणा. पण तेव्हापासून बँकेतून आलो की हातपाय धुऊन रोज वाचायला बसायचो. बँकेत लोक माझ्याकडे बघायचं टाळतात. ती तोंडाकडे टक लावून बघायची.

मग दिवाळीत तुम्ही आलात. पाडव्याच्या संध्याकाळी मी 'मगर' या शब्दावर अडकलो आणि तुम्ही माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलंत. पुढचं सगळं वाचलंत, किती सुंदर वाचलंत. जेवताना अपर्णाला म्हणालात, "याला वाचू देऊ नकोस. पोरगी हेच उचलेल."

मी तिथेच बसलो होतो, भय्यासाहेब. भात कालवत होतो.

तुम्ही गेल्यावर अपर्णा म्हणाली, थोडे दिवस मीच वाचते ना. खरं सांगू, तुमच्यापेक्षा तिचाच राग जास्त आला. मी घरात बोलणंच बंद केलं. हं, नाही, चहा दे, एवढंच. मुक्ता रांगत पुस्तक ओढत माझ्याकडे आणायची आणि मी ते अपर्णाकडे सरकवायचो. पोरगी दोघांकडे आळीपाळीनं बघायची. असे पंधरा-सोळा दिवस गेले. शेवटी अपर्णाच रडली, म्हणाली, मला भीती वाटते, पण हे असलं घरही नको. मग आम्ही इंदूरला वाचेच्या तज्ज्ञ बाईंकडे गेलो.

त्या म्हणाल्या, ऐकून कुणी तोतरं होत नाही, खुशाल वाचा. मात्र हे घराण्यात चालत येऊ शकतं. घरात आणखी कुणाला होतं का?

मी नाही म्हणालो. घरी येऊन अक्काआत्याला फोन केला. ती म्हणाली, "भय्या मॅट्रिकपर्यंत चारचौघांत तोंड उघडत नसे. तुझे आजोबा त्याला पाहुण्यांसमोर उभं करून धडा वाचायला लावायचे. तू विचारू नकोस त्याला."

मी विचारत नाही. फक्त चौतीस वर्षं तुम्ही हे मला सांगितलं नाहीत, याचा संताप जात नाही. तिसरीत माझं वाचन सुरू झालं की तुम्ही खोलीतून उठून जायचात. मला वाटायचं, तुम्हाला माझी लाज वाटते. एकदा जरी म्हणाला असतात की मलाही होतं, तर मी शाळेत पोट दुखल्याची इतकी सोंगं केली नसती.

मुक्तालाही कदाचित होईल. मी गप्प बसलो म्हणून ते टळणार नाही. झालंच, तर अडखळणारा माणूसही गोष्ट शेवटापर्यंत नेतो, हे तिनं घरातच पाहिलेलं असावं. परवापासून मी पुन्हा वाचतो आहे. अपर्णा शेजारी बसते.

फेब्रुवारीत तिचा पहिला वाढदिवस आहे. तुम्ही यायचंच. मी सगळ्यांसमोर तिला गोष्ट वाचणार आहे. मी अडलो तर उठून जाऊ नका आणि शब्द पुरा करू नका, नुसते बसा. नंतर तिला मांडीवर घेऊन तुम्ही वाचा. तुम्ही अडलात, तर आम्ही थांबू.

थेट तुमच्यावर गेलेला,
सौमित्र